जुनी पोर्शे कायेन घेताना: कूलंटचे प्लॅस्टिक पाइप कसे तपासावेत आणि कसे बदलावेत

पोर्शे कायेनची पहिली पिढी २००२ साली पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात सादर झाली. तिच्या एस आणि टर्बो या प्रकारांत ४.५ लिटरचे व्ही-८ (दोन तिरक्या रांगांत आठ सिलिंडर असलेले) इंजिन होते, आणि २००६ पर्यंतच्या याच गाड्यांबद्दल हा लेख आहे. मूळ किमतीच्या मानाने या गाड्या आज फार स्वस्तात मिळतात. मात्र सौदा ठरवण्यापूर्वी इनटेक मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांना हवा पुरवणाऱ्या नळ्यांच्या जुडग्याच्या) खाली, सिलिंडरांच्या दोन रांगांमधल्या खोलगट जागेत काय बसवले आहे, ते पाहिल्याशिवाय इसार देऊ नये. इंजिनाच्या पुढच्या बाजूकडून मागच्या बाजूपर्यंत कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव, नेणारे पाइप तेथून जातात आणि कारखान्यातून ते प्लॅस्टिकचे येत असत.

त्या जागेत दोन्ही बाजूंनी इंजिनाची धग लागते, वरून मॅनिफोल्डचे झाकण असते आणि वारा जवळजवळ पोहोचतच नाही. शिवाय पाइपाच्या आतून दाबाखालील गरम कूलंट वाहत असते. रोज तापणे आणि रोज निवणे असे वर्षानुवर्षे चालल्यावर प्लॅस्टिक कडक होते, त्याला बारीक तडे जातात आणि एखाद्या दिवशी ते फुटते. म्हणून ‘गाडी फार चाललेलीच नाही’ या विक्रेत्याच्या सांगण्याला येथे फारसे वजन देऊ नये. पाइप मूळचेच असतील तर ते वीस वर्षांचे झाले आहेत, एवढे पुरे आहे.

तपासणी नेहमी थंड इंजिनावर सुरू करावी. गरम इंजिनाच्या कूलंट टाकीचे झाकण उघडले तर उकळते कूलंट अंगावर उसळते. टाकीतील पातळी पाहावी आणि रंगही पाहावा. पोर्शेचे कूलंट गुलाबी असते. त्याऐवजी टाकीत हिरवे पाणी किंवा गंजकट गढूळ पाणी दिसले, तर पातळी उतरत होती आणि कोणीतरी हाताला येईल ते भरत होते, असे समजावे. आपल्याकडे नळाचे पाणी ओतून वेळ मारून नेण्याची सवय फार आहे आणि ॲल्युमिनियमच्या इंजिनाला ती महागात पडते.

त्यानंतर गाडी लिफ्टवर घेऊन इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या सांध्याकडे पाहावे. वर पाइपातून झिरपलेले कूलंट त्या खोलगट जागेत साचते, मागच्या बाजूने उतरते आणि बेल हाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या कवचाच्या) तळाशी थेंबाथेंबाने दिसू लागते. माझ्या पाहण्यातल्या एका गाडीत हा ओलावा पाहून एका गॅरेजने क्रँकचे मागचे ऑइल सील (तेल अडवणारी कडी) गेल्याचे निदान केले होते आणि गिअरबॉक्स उतरवण्याचा खर्चही सांगितला होता. तो थेंब पांढऱ्या कागदावर घेतला तेव्हा डाग गुलाबी उमटला, बोटाला तेलाचा चिकटपणा लागला नाही आणि वास गोडसर आला. एका कागदाच्या तुकड्याने तो सगळा खर्च वाचला. दुसरी खूण स्टार्टरची, म्हणजे गॅरेजच्या भाषेत सेल्फची. या इंजिनात सेल्फ त्याच खोलगट जागेत पाइपांखाली असतो, त्यामुळे गळती सुरू झाली की तो भिजतो. सेल्फ जड फिरत असेल आणि कूलंटही कमी होत असेल, तर या दोन तक्रारी वेगळ्या धरू नयेत.

गळती नाही, म्हणून पाइप बदललेलेच असतील असेही नाही. ‘बदललेत’ या शब्दावर आणि नुसत्या बिलावर न थांबता पाइप डोळ्यांनी पाहावेत. वरचे झाकण काढून, टॉर्चच्या उजेडात किंवा बारीक कॅमेरा मॅनिफोल्डखाली सोडून पाहिले की काळे प्लॅस्टिक आणि चंदेरी ॲल्युमिनियम यांतला फरक लगेच कळतो. शंका उरलीच तर प्रेशर टेस्टर (कूलंटच्या टाकीवर लावून दाब देणारा, काटा असलेला हातपंप) लावून, टाकीच्या झाकणावर छापलेल्या दाबापेक्षा जास्त न जाता, अर्धा तास काटा उतरतो का ते पाहावे. प्लॅस्टिक दिसले तर गळती असो वा नसो, पाइप बदलण्याचा पूर्ण खर्च किमतीतून वजा करूनच बोलणी करावी. पाइप फुटला की कूलंट काही क्षणांत निघून जाते, आणि तापलेली गाडी तशीच पुढे दामटली तर हेड, म्हणजे सिलिंडरांवरचे धातूचे झाकण, वाकते. त्यानंतरचा खर्च गाडीच्या किमतीच्या वर जाऊ शकतो.

बदलण्यासाठी ॲल्युमिनियमच्या पाइपांचा तयार संच मिळतो. त्यासोबत मॅनिफोल्डची नवी गॅस्केट (सांधा गळू न देणारी पट्टी), नवा थर्मोस्टॅट (तापमानानुसार कूलंटची वाट उघडणारी झडप) आणि इंजिनाच्या मागे असलेला कूलंटचा प्लॅस्टिकचा टी-जोड आधीच आणून ठेवावा. वॉटर पंप जुना असेल तर तोही याच वेळी बदलणे शहाणपणाचे आहे. काम अवघड नाही, पण वेळखाऊ आहे. घरी करणाऱ्याने शनिवार-रविवार दोन्ही दिवस राखून ठेवावेत.

पुढच्या सीटखालच्या बॅटरीची निगेटिव्ह तार आधी सोडावी, पेट्रोलच्या लाइनमधला दाब उतरवावा आणि कूलंट स्वच्छ भांड्यात काढावे. कूलंट गोड असल्याने कुत्री-मांजरी ते पितात आणि मरतात, म्हणून भांडे क्षणभरही उघडे सोडू नये. हवेच्या नळ्या, थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) आणि वायरिंगचे जोड सोडवताना प्रत्येकाला चिकटपट्टी लावून नाव लिहावे. मॅनिफोल्ड उचलल्याबरोबर हवेची सर्व भोके स्वच्छ फडक्यांनी बंद करावीत, कारण त्यात पडलेला एक नट किंवा प्लॅस्टिकचा कण थेट सिलिंडरपर्यंत पोहोचतो.

जुने पाइप अखंड निघतील ही अपेक्षा ठेवू नये. ते खाकऱ्यासारखे मोडतात आणि त्यांच्या टोकाची कडी ॲल्युमिनियमच्या भोकात तशीच अडकून राहते. या कामातला खरा कस येथे लागतो. ती कडी आडव्या चिरा देऊन, लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने आतल्या बाजूला दाबत तुकड्या-तुकड्याने काढावी आणि प्रत्येक तुकडा चिमट्याने उचलून ताटलीत जमवावा. सगळे तुकडे जुळवून कडी पूर्ण झाली, तरच आत काही राहिले नाही याची खात्री होते. स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटण्याचा मोह टाळावा. ज्या पृष्ठभागावर नवी ओ-रिंग (गळती रोखणारी रबरी कडी) बसायची आहे त्यावर एक ओरखडा पडला, तरी नवा पाइप गळेल.

भोके पुसून कोरडी केल्यावर नव्या ओ-रिंगांना ताजे कूलंट चोळावे आणि पाइप हाताने, किंचित फिरवत बसवावेत. हातोडीला येथे काम नाही. साचलेले पाणी टिपून घ्यावे आणि सेल्फच्या जोडांवर हिरवट बुरशी आली असेल तर ते साफ करावेत. मॅनिफोल्ड बसवण्यापूर्वी काही कूलंट भरून प्रेशर टेस्टरने दाब द्यावा. हा अर्धा तास वाचवण्यासाठी अनेकांनी तेच काम दुसऱ्यांदा केले आहे. मॅनिफोल्डचे बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या टॉर्कनेच, म्हणजे आवळण्याच्या ठरावीक जोरानेच, आवळावेत.

शेवटी गुलाबी कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मे-निम्मे मिसळून, शक्य असल्यास व्हॅक्यूम यंत्राने भरावे, म्हणजे आत हवा अडकत नाही. हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन चालवावे, थंड होऊ द्यावे आणि पातळी पुन्हा पाहावी. असे पुढचे तीन-चार दिवस रोज सकाळी करावे आणि बेल हाउसिंगखाली कोरडा पुठ्ठा पसरून ठेवावा. मॅनिफोल्ड उघडे असतानाच नव्या पाइपांचा एक फोटो काढून गाडीच्या कागदांत लावावा. पुढे गाडी विकायला काढाल तेव्हा घेणाऱ्याला तो दाखवता येईल.