जंगलाचा पर्यटन आराखडा करताय? या चुका टाळा

व्याघ्र प्रकल्प आणि अभयारण्यांच्या पर्यटन आराखड्यांवर मत द्यायला मला बरीच वर्षं बोलावतात. नकाशा टेबलावर पसरला की नव्या माणसाचं बोट आधी कुठे जाईल हे मला आता ठाऊक झालंय. पाण्यावर. "सर, इथून रस्ता नेऊ, साइटिंग पक्कं!" पाण्यालगत रस्ता नेणं ही पहिली चूक. बाकीच्या निम्म्या चुका हिच्याच पोटातून निघतात, म्हणून हिच्यावर जरा सविस्तर लिहितो.

विदर्भातलं जंगल पानझडीचं. मार्च सरता सरता नाले आटतात आणि मे महिन्यात प्राण्यांचा सगळा भार मोजक्या पाणवठ्यांवर येतो. 2012 च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे व्याघ्र प्रकल्पाच्या कोअरचा, म्हणजे आतल्या राखीव गाभ्याचा, 20 टक्क्यांहून जास्त भाग पर्यटनाला देता येत नाही. ताडोबा-अंधारीएवढं, म्हणजे 625.82 चौरस किलोमीटरचं कोअर धरलं, तर हा भाग साधारण 125 चौरस किलोमीटर होतो. ऐकायला कमी वाटतो. पण बारमाही पाणी नेमकं त्याच 125 मध्ये घेतलंत, तर उन्हाळ्यापुरतं अख्खं जंगल पर्यटकांच्या हवाली केलंत.

एका अभयारण्यात रस्त्यापासून तीस-पस्तीस पावलांवर बोअर मारून सोलर पंपाचा पाणवठा करायचं ठरलं. त्या बैठकीला मी होतो आणि काही बोललो नाही, याची टोचणी अजून आहे. पुढच्या एप्रिलमध्ये एक वाघीण तीन बछडे घेऊन तिथे उतरू लागली. पहिल्या आठवड्यात तीन-चार जिप्सी असायच्या, महिनाअखेरीस गेट उघडल्या उघडल्या रांग लागायला लागली. मे महिन्यात मी सलग चार सकाळी तिथे थांबलो. वाघीण दोनदा झाडीच्या कडेपर्यंत आली, गाड्यांकडे बघत उभी राहिली आणि पाणी न पिता मागे वळली. पुढे तिनं दिवसा तिथे येणं सोडलं आणि गावाकडच्या नाल्यातलं डबकं धरलं. दहा दिवसांत गावातल्या दोन गाई गेल्या. ग्रामसभेत लोकांचा सगळा राग वाघिणीवर निघाला. पाणवठ्याची जागा ठरवणाऱ्या आमच्यापैकी एकही जण त्या सभेला नव्हता.

तेव्हापासून रस्त्याची रेघ मारण्याआधी काय बंद ठेवायचं ते मी लाल पेन्सिलीनं रंगवतो: बारमाही पाणी, बछडी ठेवायच्या कपारी, एका जंगलातून दुसऱ्यात जायच्या पट्ट्या. तीन पाणवठ्यांपैकी दोन तरी रस्त्यावरून दिसता कामा नयेत, हा माझा स्वतःचा नियम. आणि मे महिन्यात बीटच्या, म्हणजे त्या भागाच्या, वनरक्षकाबरोबर पायी फिरल्याशिवाय मी आराखड्यावर सही करत नाही. ज्यांना ऑफिसात बसून, उपग्रहाच्या चित्रावरून आठवड्याभरात आराखडा उरकायचा असतो, त्यांनी या कामात पडू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

जाळरेषेचा सफारी रस्ता करू नका. साफ केलेली पट्टी आयती मिळते म्हणून मोह होतो, पण ती वणवा अडवायला काढलेली असते.

आतल्या रस्त्यांवर डांबर नको. त्यानं फक्त वेग वाढतो.

आठवड्याची सुट्टी आणि पावसाळ्यातली कोअरबंदी महसुलासाठी मोडू नका. गेटवर स्वच्छतागृह आधी बांधा, नाहीतर माणसं आत गाडीतून उतरणारच.

दुसरी मोठी चूक म्हणजे गेटवर गाड्या मोजल्या की जंगलाची गाड्या पेलण्याची क्षमता सांभाळली असं समजणं. रस्त्याची लांबी, दोन गाड्यांमधलं अंतर, फेरीचा वेळ यांवरून आकडा काढतात. हिशेब चुकीचा नसतो, पण गाड्या रस्त्यावर सारख्या पसरलेल्या राहतील असं त्यात गृहीत धरलेलं असतं. प्रत्यक्षात कॉल झाला, म्हणजे वाघाची चाहूल लागून हरीण-वानर ओरडलं, की सगळ्या एकाच वळणावर गोळा होतात. प्राण्यापासून 20 मीटर आणि दोन गाड्यांत 50 मीटर अंतर ठेवण्याची तत्त्वं लागू असतानाच 31 डिसेंबर 2024 रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एफ-2 वाघीण आणि तिचे पाच बछडे गाड्यांमध्ये अडकले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं त्याची स्वतःहून दखल घेतली.

म्हणून मी प्रत्येक गाडीला गेटवरच मार्ग ठरवून देतो. मार्ग एकेरी, वळसा घालून त्याच गेटला परत येणारा. मधले जोडरस्ते ओंडके टाकून बंद. जोडरस्ता शिल्लक राहिला की कितीही दंड लावा, गाड्या वळतात. त्यात गाईडला दोष देऊन भागत नाही. वाघ दिसला तर बक्षिसी, नाही दिसला तर पडलेली तोंडं, अशा कमाईवर तो घर चालवतो. त्याचं ठरलेलं मानधन वाढवा, मग नियम सांगा.

शेवटचं बफरबद्दल, म्हणजे कोअरभोवतीच्या पट्ट्याबद्दल. कोअरवरचा भार बफरमध्ये ढकलला की प्रश्न सुटला, असं बैठकांत फार सहज बोललं जातं. ताडोबाचं बफर 1,101.77 चौरस किलोमीटरचं आहे आणि त्यात गावं आहेत. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे बाया मोहफुलं वेचायला जंगलात असतात, त्यानंतर तेंदूपत्त्याचा हंगाम येतो. सकाळची सफारी नेमकी त्याच वेळेला सुटते. गाड्यांना बुजून रस्त्यावरून झाडीत शिरलेलं जनावर कुणाच्या पुढ्यात जाईल, याचा विचार वेळापत्रक करणारा करत नाही.

एका बफरमध्ये मी मोह वेचणाऱ्या बायांबरोबर दोन दिवस फिरलो. त्यांची झाडं जंगलाच्या कुठल्या कक्षात (वनखात्यानं पाडलेल्या भागात) आहेत ते लिहून घेतलं आणि मोहाच्या हंगामात त्या कक्षांमधली सकाळची फेरी नऊनंतरच सोडायची असं ठरवून घेतलं. पहिल्या वर्षी गेटची वसुली घटली, रिसॉर्टवाल्यांच्या तक्रारी आल्या. त्या ऐकून घेतल्या आणि वेळ तीच ठेवली.