अध्ययन अक्षमतेची संस्था शिक्षकांनी चालवायची तर : गोव्यातल्या नव्या स्वयंसेवकांसाठी

अध्ययन अक्षमता म्हणजे बुद्धी असूनही वाचन, लेखन किंवा गणितात अडणे. अशा मुलांसाठीच्या संस्थेत शिक्षक येतो तो शिकवण्याच्या ओढीने. अध्यक्ष किंवा चिटणीस झाला की पहिल्या सत्रातच त्याच्या ध्यानात येते, की इथे शिकवण्यापेक्षा पाठपुरावा जास्त आहे. वर्गात मुलाच्या वाचनाबद्दल शंका येते, मग डोळे-कान तपासायचे, मानसशास्त्रज्ञाकडे चाचणी करायची, वैद्यकीय मंडळाचे प्रमाणपत्र मिळवायचे आणि शेवटी परीक्षेतली सवलत. प्रत्येक टप्प्याचे कार्यालय वेगळे, आणि मुले हरवतात ती दोन कार्यालयांच्या मधल्या वाटेत. त्यामुळे पहिल्या वर्षी व्याख्याने आणि शिबिरे बेताची ठेवा. प्रत्येक मुलामागे एक कागदी फाईल, आणि ‘पुढची तारीख’ हा रकाना असलेली एक वही, एवढे नीट जमले तरी संस्था उभी राहिली असे समजा.

पद घेण्याआधी

सरकारी शाळेतल्या शिक्षकांना केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ लागू आहेत. त्यातला नियम १५ मानद सामाजिक काम करू देतो, पण निवडणुकीने मिळणारे पद घ्यायचे तर आधी मंजुरी लागते. संस्थेचा अध्यक्ष सर्वसाधारण सभेतून निवडला जात असेल तर अर्ज पदाचे नाव घालून करा. ‘समाजकार्यासाठी परवानगी’ असा मोघम अर्ज पुढे उपयोगी पडत नाही. नियम १२ तर नव्या माणसाच्या लक्षातच येत नाही: पूर्वपरवानगीशिवाय सरकारी नोकराला वर्गणी मागता येत नाही, निधी गोळा करण्यात भागही घेता येत नाही. सरळ उपाय असा की खजिनदार एखादा पालक किंवा निवृत्त बँक कर्मचारी असावा आणि पावतीपुस्तक त्याच्याकडेच राहावे. अनुदानित शाळेतल्या शिक्षकांना १९८४ चा शिक्षण कायदा आणि १९८६ चे नियम लागू होतात. त्यांनी मुख्याध्यापकांमार्फत व्यवस्थापनाची लेखी परवानगी घ्यावी.

नोंदणी १८६० च्या सोसायटी कायद्याखाली होते आणि तिला किमान सात सदस्य लागतात. सातही जण एकाच शाळेचे घेऊ नका. एका बदलीच्या आदेशाने अर्धी कार्यकारिणी काणकोणला जाते आणि अर्धी पेडण्याला. दोन-तीन पालक, एखादा बालरोगतज्ज्ञ आणि वाचनाच्या अडचणीतून स्वतः गेलेला एखादा प्रौढ असेल तर बैठकीतले बोलणेच बदलते.

शंका आणि निदान

‘ह्या मुलाला डिस्लेक्सिया (वाचनाची अक्षमता) आहे’ हे वाक्य शिक्षकाच्या तोंडी येता कामा नये, मग अनुभव पंचवीस वर्षांचा का असेना. निदान चिकित्सा मानसशास्त्रज्ञ किंवा पुनर्वसन मानसशास्त्रज्ञ करतो. तो, आणि विशेष शिक्षकसुद्धा, भारतीय पुनर्वसन परिषदेच्या नोंदवहीत असावा लागतो. त्याचा नोंदणी क्रमांक अहवालावर आहे ना, हे फाईल लावतानाच पाहा. क्रमांक नसलेला अहवाल वैद्यकीय मंडळापुढे टिकत नाही. पालकांचे पैसे जातात, आणि मुलाला तीच दमवणारी चाचणी पुन्हा द्यावी लागते.

शिक्षकाचे काम प्राथमिक चाळणीचे. त्यासाठी मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेला ‘डाली’ हा संच आहे. २०१५ साली तो हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजी या चार भाषांत आला. त्यातली एक चाळणी पहिली-दुसरीसाठी, दुसरी तिसरी ते पाचवीसाठी आहे, आणि दोन्ही शिक्षकाने भरायच्या आहेत. मुलाला किमान एक सत्र पाहिल्याशिवाय भरू नका. जूनमध्ये वर्ग हाती आला आणि जुलैत पत्रक भरले, तर नवेपणाचा बुजरेपणाही अक्षमतेत मोजला जातो.

गोव्यात खरी कसोटी भाषेची आहे, आणि बाहेरून येणाऱ्या तज्ज्ञांना ती समजावून सांगावी लागते. सत्तरी, डिचोली, पेडणे, फोंडा या भागांत मूल घरी कोकणी बोलते, सरकारी प्राथमिक शाळेत मराठीतून शिकते आणि पाचवीत बहुधा इंग्रजी माध्यमात जाऊन पडते. संस्थेकडे येणारी पुष्कळ मुले नेमकी पाचवी-सहावीतली असतात. तेव्हा पहिला प्रश्न हा, की चौथीत मराठी धडा कसा वाचत होता? तेव्हा सरळ वाचत होता आणि आता फक्त इंग्रजीत अडतो, तर आधी इंग्रजीचा सराव कमी पडला आहे असे धरा आणि तीन-चार महिने नेमाने वाचन घेऊन पाहा. मराठीतही जोडाक्षर आले की थांबतो, वेलांटी-उकार गाळतो, ‘घ’ला ‘ध’ आणि ‘भ’ला ‘म’ वाचतो, ओळ सोडून खाली उतरतो, आणि तेच इंग्रजीतही होते, तर पुढे पाठवा. निबंधात ‘आहे’च्या जागी ‘आसा’ किंवा ‘मला’च्या जागी ‘म्हाका’ आले, तर ती घरची बोली आहे. तिला लाल शाईने गोल करून चुकांच्या यादीत घालणाऱ्या शिक्षकांना आधी शिकवावे लागते. वास्कोसारख्या ठिकाणी घरात कन्नड किंवा हिंदी बोलणारी मुले भेटतात. त्यांची चाचणी कोणत्या भाषेत व्हावी हे पत्रात स्पष्ट लिहा, नाहीतर ती सवयीने इंग्रजीत होते.

पाठवणीच्या पत्रासोबत चार गोष्टी द्या: तिसरी-चौथीच्या मराठीच्या दोन वह्या (शुद्धलेखन सुधारून उतरवलेल्या नव्हेत, मुलाच्या मूळ हाताच्या), गेल्या दोन वर्षांची गुणपत्रके, हजेरी, आणि दृष्टी व श्रवण तपासणीचे कागद. हा शेवटचा कागद नसेल तर मूल हमखास परत येते. हजेरीही महत्त्वाची आहे. वर्षाला साठ दिवस गैरहजर असलेल्या मुलाचे मागे पडणे वेगळ्या कारणाचे असू शकते.

प्रमाणपत्र आणि परीक्षा

दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा. त्याच्या २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, आणि ती लवकर ओळखण्याची जबाबदारी कलम १६ शिक्षणसंस्थांवर टाकते. मुख्याध्यापक टाळाटाळ करू लागले तर भांडण्याऐवजी या कलमाची प्रत पत्राला जोडावी. पुष्कळदा तेवढ्याने काम होते. २०१८ च्या केंद्रीय सूचनांत ८ वर्षे पूर्ण झाल्यावरच प्रमाणपत्र, मग १४ व्या आणि १८ व्या वर्षी पुन्हा तपासणी असे टप्पे होते. मार्च २०२४ मध्ये सुधारित सूचना निघाल्या, तेव्हा संस्थेच्या कपाटातली जुनी माहितीपत्रके वाटत बसू नका. प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांचे ओळखपत्र) अर्ज स्वावलंबन पोर्टलवर करतात. आधारवरचे नाव आणि शाळेच्या रजिस्टरमधले नाव यांत एका अक्षराचा फरक असला तरी अर्ज अडतो. गोव्यात आडनावाचे स्पेलिंग घराघरात बदलते, म्हणून हे आधी जुळवून घ्या.

वेळेचे गणित उलटे, दहावीपासून मागे मोजावे. सवलतीचा अर्ज शाळेमार्फत बोर्डाकडे जातो आणि त्याची मुदत परीक्षेच्या खूप आधी संपते. दहावीच्या दिवाळीत शंका बोलून दाखवणारे पालक दरवर्षी येतात, आणि त्यांच्यासाठी त्या वर्षी फारसे काही करता येत नाही. आठवीच्या अखेरीस फाईल पूर्ण असेल तर नववीच्या परीक्षेत सवलत वापरून पाहता येते. वापरून पाहणे गरजेचेच आहे. लेखनिक मिळाला म्हणून गुण वाढत नाहीत. उत्तर तोंडी, वाक्यावाक्याने, विरामचिन्हांसकट सांगणे हे वेगळे कौशल्य आहे. बोर्डाच्या परीक्षेआधी तोच लेखनिक घेऊन चार-पाच सराव पेपर तरी व्हावेत. वाढीव वेळेचेही तसेच. केंद्राच्या २०१८ च्या परीक्षाविषयक सूचनांत तासाला किमान २० मिनिटे होती, म्हणजे तीन तासांच्या पेपरला आणखी एक तास. चार तास बसण्याची सवय नसलेले मूल शेवटचा तास खिडकीबाहेर पाहत घालवते. बोर्डाच्या सवलती मात्र बोर्डाच्या चालू परिपत्रकाप्रमाणेच सांगा, ऐकीव नको.

साहाय्यक वर्ग

शाळा सुटल्यावर वर्ग ठेवला की तो आठवड्याभरात ओस पडतो. कारण साधे आहे: बालरथ (शाळेची बस) निघून जातो आणि पुढची कदंबा बस तासाने असते. शाळेच्या वेळेतच, ग्रंथालयाचा किंवा कार्यानुभवाचा तास मागून घ्या. खेळाचा तास कधीही घेऊ नका, या मुलांना तो सगळ्यात जास्त हवा असतो. एका वेळी तीन-चार मुले, आठवड्यातून तीन वेळा, ४० मिनिटे. पहिली पाच मिनिटे कालचे अक्षर, दहा मिनिटे ध्वनी व अक्षर (बोटाने रेतीत किंवा खरखरीत कागदावर गिरवत, मोठ्याने म्हणत), दहा मिनिटे सुटे शब्द, दहा मिनिटे श्रुतलेखन, आणि शेवटी पाच मिनिटे मुलाला जमेल असाच मजकूर. सारखी दिसणारी अक्षरे एकाच आठवड्यात शिकवू नका. ‘घ’ पक्का झाल्यावर पंधरा दिवसांनी ‘ध’. ‘र’ची रूपे, म्हणजे ‘प्र’मधली तिरपी रेघ, ‘ट्र’, रफार आणि ‘वाऱ्या’तला ‘ऱ्या’, शेवटी आणि एकेक करून. घाई इथेच होते. प्रगती दिसेनाशी झाली तर बहुधा गट मोठा झालेला असतो किंवा आठवड्याचे तीन दिवस दोनावर आलेले असतात.

वर्गाचे दार उघडे, आणि जवळपास दुसरी मोठी व्यक्ती, हा नियम अपवादाविना पाळा. गैरप्रकाराची शंका आली तर पॉक्सो कायद्याने (मुलांवरील लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, संस्थेने आतल्या आत चौकशी करत बसायचे नाही. पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर अहवालाचे फोटो येऊ लागले की तिथल्या तिथे थांबवा. गावे लहान आहेत.

पैसा आणि कामाचे हस्तांतर

गोव्यातल्या संस्थेला एक खास धोका आहे. लंडन, लिस्बन किंवा आखातातला कोणाचा तरी भाऊ आनंदाने पैसे पाठवतो. तो भारतीय नागरिक असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देत असेल तर ती विदेशी देणगी ठरत नाही. पण पोर्तुगीज किंवा ब्रिटिश पासपोर्ट घेतलेला असेल, तर ओसीआय कार्ड (भारतीय मूळ असलेल्या परदेशी नागरिकाला मिळणारे) असूनही तो विदेशी स्रोत, आणि विदेशी अंशदान कायद्याच्या (२०१०) नोंदणीशिवाय ती रक्कम घेता येत नाही. पावती फाडण्याआधी नागरिकत्व विचारायला संकोच करू नका. देणगीच्या अर्जात तो रकानाच छापून टाका. सरकारी अनुदानासाठी ‘दर्पण’ या स्वयंसेवी संस्थांच्या सरकारी पोर्टलवर नोंदणी लागते. कंपन्यांचा सामाजिक निधी हवा तर सीएसआर-१ हा त्यासाठीच्या नोंदणीचा अर्ज.

बँकेच्या खात्याला तीन सह्या नोंदवा, त्यांतल्या कोणत्याही दोन चालाव्यात. तिघांपैकी एक तरी बदलीच्या नोकरीतला नसावा. पोर्टलचे पासवर्ड एकाच टीचरच्या फोनमध्ये राहिले तर ती बदलून गेल्यावर महिनाभर कामे खोळंबतात. बदलीची कुणकुण लागली की लगेच, आदेशाची वाट न पाहता, चालू फाईलींची यादी करा: मुलाचा फाईल क्रमांक, टप्पा, पुढची तारीख, कोणाशी बोलणे झाले आहे. नव्या माणसाने किमान दोन पालकभेटींना जुन्याबरोबर बसावे.

वार्षिक सभेनंतर १४ दिवसांच्या आत कार्यकारिणीची यादी निबंधकाकडे द्यायची असते. सभा जुलैत ठेवली तर गणेश चवथीच्या गडबडीआधी ते काम उरकते.