टीना टर्नर यांची गाणी कोणत्या क्रमाने ऐकावीत

अमेरिकी गायिका टीना टर्नर यांची गाणी नव्याने ऐकणारा श्रोता बहुधा 1984 पासून सुरुवात करतो, कारण त्यांचे सर्वांत गाजलेले गाणे, ‘व्हॉट्स लव्ह गॉट टू डू विथ इट’, त्या वर्षीचे आहे. माझा आग्रह आहे की तिथे उशिरा पोहोचावे. वयाच्या 44 व्या वर्षी मिळालेल्या त्या यशामागे चोवीस वर्षांचे गाणे आहे आणि ते कानांवरून गेल्याशिवाय त्या आवाजात काय बदलले हे उमगत नाही.

सुरुवात 1960 च्या ‘अ फूल इन लव्ह’ने करावी. ठरलेला गायक आला नाही म्हणून टेनेसीतील नटबुशच्या अ‍ॅना मे बुलक (टीना यांचे मूळ नाव) यांनी ते गायले आणि बँडप्रमुख आइक टर्नर, जे पुढे त्यांचे पती झाले, यांनी त्यांना न विचारताच रेकॉर्डवर ‘टीना’ हे नाव घातले. या गाण्यात त्या जवळजवळ प्रत्येक ओळ गळा ताणून गातात, हे लक्षात ठेवावे. पुढे 1966 चे ‘रिव्हर डीप – माउंटन हाय’ चांगल्या हेडफोनवर ऐकावे. निर्माते फिल स्पेक्टर यांच्या अवाढव्य वाद्यमेळातूनही हा आवाज वर येतो. तरीही ब्रिटनमध्ये तिसऱ्या क्रमांकावर गेलेले हे गाणे अमेरिकेत 88 व्या क्रमांकावरच थांबले. त्यानंतर 1971 चे ‘प्राउड मेरी’ घ्यावे.

आता थोडे थांबावे. मारहाण सोसून 1976 मध्ये त्यांनी आइक यांना सोडले आणि 1978 च्या घटस्फोटात रंगमंचावरचे आपले नाव तेवढे राखले. या काळातले अल्बम फारसे खपले नाहीत. त्यांतला एखादाच ऐकला तरी पुरे.

मग 1983 चे ‘लेट्स स्टे टुगेदर’ दोनदा ऐकावे, आधी अल ग्रीन यांचे मूळ गाणे आणि नंतर टीना यांचे. सिंथेसायझरच्या मोकळ्या जागेत त्या इतक्या हळू सुरुवात करतात की 1960 चा तो ताणलेला गळा कुठे गेला, असे वाटावे. त्यानंतर 1984 चे ‘व्हॉट्स लव्ह गॉट टू डू विथ इट’ घ्यावे. ते त्यांना सुरुवातीला आवडलेही नव्हते, आणि तेच अमेरिकेत तीन आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. कडव्यांत खालच्या पट्टीत आवरून धरलेला आवाज ध्रुवपदात किती मोकळा होतो, ते इथे तपासावे.

शेवटी 1988 च्या रिओ दी जानेरोतील माराकाना स्टेडियमच्या कार्यक्रमाचे चित्रीकरण पाहावे आणि तिथले ‘प्राउड मेरी’ 1971 च्या रेकॉर्डशेजारी ठेवून ऐकावे.