सोलापुरात चार-पाच डाईंगवाल्यांनी मिळून सोलर गरम पाणी करायचं असेल तर हिशोब कसा घालायचा

डेन्मार्कमधे सिल्केबोर्ग म्हणून गाव आहे, तिथं २०१६ साली सुमारे १,५७,००० चौरस मीटर सोलर कलेक्टर, म्हणजे उन्हावर पाणी तापवणारी पॅनेलं, बसवलेत आणि ती उष्णता पाईपलाईननं घरोघरी जाते, घरं उबदार ठेवायला. ऊन बघायला गेलं तर आपल्या जवळपास निम्मं. आता सोलापुरात घर गरम करायचं म्हटलं तर लोक हसतील, पण अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल-चादरीचं सूत धुवायला, ब्लीच करायला, रंगवायला बारा महिने गरम पाणी लागतंच की, आणि प्रत्येकजण आपापल्या शेडमधे वेगळा बॉयलर पेटवून बसलाय.

आपला खरा फायदा उन्हापेक्षा वेगळा आहे. तिकडं उष्णता लागते थंडीत आणि ऊन पडतं उन्हाळ्यात, म्हणून वोयेन्ससारख्या गावात २० कोटी लिटरचा खड्डा करून उन्हाळ्याचं गरम पाणी हिवाळ्यापर्यंत सांभाळावं लागतं. आपल्याला आज तापलेलं पाणी आज रात्री नाहीतर उद्या सकाळी संपवायचंय, म्हणजे एका दिवसाची टाकी पुरते.

पहिलं काम, कुठल्याही सोलरवाल्याला फोन करायच्या आधी, आपलं पाणी मोजा. किती लिटर, किती डिग्रीला, किती वाजता. मालकाला विचारलं तर अंदाजे आकडा सांगतो, व्हॅटवर, म्हणजे रंगाच्या हौदावर, उभा राहणारा माणूस बरोबर सांगतो. कॉटनला रिॲक्टिव्ह रंगाचं बरंच काम ६० डिग्रीच्या आसपास चालतं, तिथं सोलर मस्त बसतं. उकळतं पाणी किंवा स्टीम लागते तिथं साध्या कलेक्टरच्या नादाला लागू नका, तिथं सोलरनं पाणी ६० पर्यंत आणायचं आणि पुढचं बॉयलरनं करायचं. बॉयलर काढून टाकायचा नाहीच, पावसाळ्यात आठ-आठ दिवस आभाळ असतं तेव्हा काय करणार.

आता हिशोब. समजा पाच युनिटना मिळून रोज १०,००० लिटर पाणी २५ वरून ६० डिग्रीला न्यायचंय. एक लिटर एक डिग्री तापवायला एक किलोकॅलरी, म्हणजे रोजचे ३,५०,००० किलोकॅलरी. बाजारात साधारण २ चौरस मीटरचा कलेक्टर १०० लिटरला धरतात, म्हणजे २०० चौरस मीटर कलेक्टर आले. जागा मात्र दीडपट-दुप्पट धरा, एका ओळीची सावली दुसरीवर पडायला नको. तोंड दक्षिणेला, आणि उतार आपल्या अक्षांशापेक्षा थोडा जास्त, म्हणजे २० ते २५ डिग्री, म्हणजे थंडीतलं खाली आलेलं ऊन पण नीट मिळतं.

मग हे बघा की तुम्ही आज जाळताय काय. इथंच सगळा निकाल लागतो. ब्रिकेटमधून (शेतातल्या काडीकचऱ्याचा, भुश्श्याचा दाबून केलेला जळणाचा ठोकळा) किलोला ३,५०० किलोकॅलरी आणि बॉयलरची एफिशियन्सी ६५ टक्के धरली तर रोज साधारण १५० किलो ब्रिकेट वाचतं. ७ रुपये किलो धरा, हजारेक रुपये रोज, वर्षाचे ३०० दिवस म्हणजे ३ लाख. सगळं प्लँट २२ लाखात पडलं असं समजलं तर पैसे फिटायला सात वर्षं. तेच पाणी डिझेलवर तापत असेल तर रोजचं ५० लिटर डिझेल वाचतं, आणि तेच प्लँट दोन वर्षांच्या आत फिटतं. रुपये मी समजायला धरलेत, तुमच्या बिलातले घाला. पण माझं मत सरळ आहे, स्वस्त ब्रिकेट मिळणाऱ्यानं घाई करू नये, आणि डिझेल किंवा लाईटवर पाणी तापवणाऱ्यानं थांबू नये.

टाकी उभी आणि उंच घ्या, आडवी नको. गरम पाणी वर राहतं, थंड खाली, उंच टाकीत ते दोन थर वेगळे राहतात, कलेक्टरला खालचं थंड पाणी जातं आणि तो जास्त उष्णता ओढतो. १०,००० लिटर म्हणजे नुसतं पाणीच १० टन, त्यामुळं टाकी जमिनीवर पक्क्या फाउंडेशनवर. पत्र्याच्या शेडवर कलेक्टर चढवायचे तरी आधी इंजिनिअरला दाखवा, वाऱ्याचा जोर पण धरायला सांगा.

पाण्याचं तर विचारूच नका. बोअरचं पाणी तसंच कलेक्टरमधून फिरवलं तर आत पांढरा खरखरीत थर बसतो, पाईपचं भोक बारीक होत जातं आणि एक दिवस मालक म्हणतो सोलर फेल आहे. कलेक्टरमधे सॉफ्ट, म्हणजे क्षार काढलेलं, पाणीच बंद लूपमधे फिरवायचं (तेच तेच पाणी गोल फिरत राहतं), मधे हीट एक्स्चेंजर, म्हणजे दोन पाणी एकमेकांत न मिसळता एकाची उष्णता दुसऱ्याला देणारं यंत्र, आणि रंगाचं पाणी पलीकडच्या बाजूनं. खर्च वाढतो पण इथं कंजुषी नको.

सुट्टीचा विचार कुणी करत नाही. गड्ड्याच्या यात्रेला, दिवाळीला कामगार नाहीत, पाणी ओढायला कोणी नाही आणि ऊन तर चालूच. कलेक्टर उकळायला लागतो. ताडपत्री टाकायची सोय ठेवा, नाहीतर रात्री पंप फिरवून टाकीतली उष्णता बाहेर सोडा, डेन्मार्कमधे पण उन्हाळ्यात असं करतात. काचेच्या ट्यूबवाली सिस्टीम असेल तर उन्हात कोरड्या तापलेल्या ट्यूबमधे थंड पाणी कधीच सोडू नका, फटकन तडकते. भरायचं ते पहाटेच.

राहिला पैशाचा व्यवहार, आणि भांडणं इथंच होतात. लिटरवर पैसे लावू नका, कारण एकाला ६० डिग्रीचं पाणी मिळतं आणि पाईपच्या टोकाला असलेल्याला ५२ चं. प्रत्येकाच्या दारात हीट मीटर लावा, तो पाण्याचा फ्लो आणि येणाऱ्या-जाणाऱ्या पाण्याचं टेंपरेचर मोजून किती उष्णता घेतली ते सांगतो, तिकडच्या गावांत पण बिल असंच होतं. शेजारी-शेजारी असलेलेच युनिट घ्या, पाईप जितका लांब तितकी उष्णता वाटेत जाते, आणि रस्ता ओलांडायचा तर परवानगीची फाईल वेगळी. करारात दोन गोष्टी लिहून घ्या: काम बंद असलं तरी कमीत कमी इतके पैसे द्यायचेच, आणि मधेच कोणी बाहेर पडला तर त्याच्या हिश्श्याचं काय.

सोलरवाल्याला पण सगळे पैसे एकदम देऊ नका. चांगल्या उन्हाचा एक दिवस बघून संध्याकाळी टाकीचं वर, मधे, खाली असं तीन ठिकाणी टेंपरेचर घ्या, मीटरचे आकडे लिहा, बोलला होता तेवढं निघालं तर शेवटचा चेक द्यायचा.