मोठ्या फुटबॉल सामन्याआधी क्लासिक रॉक लावताय? या चुका टाळा

अमेरिकन फुटबॉलचा मोठा सामना असला की बरेच जण 'क्लासिक रॉक' असं शोधतात आणि समोर येईल ती तयार यादी लावून मोकळे होतात. गाणी चांगलीच असतात, गंडतो तो क्रम. सामन्याआधीच्या गाण्यांनी ताण चढवत न्यायचा असतो. तो मोकळा करायला पुढचे तीन तास आहेतच.

सगळ्यात जास्त घोळ होतो क्वीन या बँडच्या बाबतीत. 'वी विल रॉक यू' आणि 'वी आर द चॅम्पियन्स' ही 1977 च्या एकाच अल्बममधली लागोपाठची गाणी, त्यामुळे एक संपलं की दुसरं आपसूक सुरू होतं. पहिलं अगदी योग्य. दोनदा पाय आपटायचे, एकदा टाळी. गिटार येते ती थेट शेवटाकडे. ज्याला गाण्याचा एक शब्द येत नाही, तोही यात सामील होतो. पण अजून नाणेफेकसुद्धा झालेली नाही, मग चॅम्पियन कसले? ऑटोप्ले बंद करा आणि दुसरं गाणं जिंकल्यानंतरच्या यादीत टाका. हरलात तर प्रश्नच मिटला.

मेटालिकाचं 'एंटर सँडमन' (1991) मधूनच लावणं ही दुसरी चूक. व्हर्जिनिया टेक या अमेरिकन विद्यापीठाचा संघ 2000 पासून या गाण्यावर मैदानात उतरतो आणि त्यांच्या लेन स्टेडियममध्ये हजारो लोक एकदम उड्या मारू लागतात. त्या उड्यांचे व्हिडिओ पाहून घरी थेट जड रिफपासून (गिटारच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या सुरावटीपासून) सुरुवात केली, तर कुणी जागचं हलत नाही. आधी एकटी गिटार, मग एकेक करून बाकीची वाद्यं, आणि शब्द यायला जवळपास मिनिटभर. खरी गंमत त्या मिनिटातच आहे. गाणं साडेपाच मिनिटांचं, म्हणून किकऑफच्या, म्हणजे सामना सुरू होण्याच्या, सहा-सात मिनिटं आधी सुरू करा.

एसी/डीसीच्या 'हेल्स बेल्स'मधली सुरुवातीची घंटा नीट ऐकू येत नसेल, तर क्रॉसफेड, म्हणजे एका गाण्याचा शेवट पुढच्याच्या सुरुवातीत मिसळणारी सेटिंग, चालू असणार. तो शून्यावर आणा. चक बेरीचं 1958 चं 'जॉनी बी. गुड' बारीक आणि पुढचं गाणं कानठळ्या बसवणारं येत असेल, तर ॲपमधली सगळ्या गाण्यांचा आवाज समान ठेवणारी सेटिंग चालू करा.

गॅरी ग्लिटरचं 'रॉक अँड रोल पार्ट 2' जुन्या याद्यांमध्ये अजून सापडतं. बालकांवरील लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्यात त्याला शिक्षा झाल्यावर 2006 मध्ये एनएफएलनेच (अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगनेच) संघांना ते वाजवू नका असं सांगितलं. काढून टाका. स्प्रिंगस्टीनचं 'बॉर्न इन द यू.एस.ए.' खुशाल ठेवा, फक्त देशभक्तीपर गीत म्हणून छाती फुगवू नका. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकाच्या वाट्याला आलेली उपेक्षा त्यात आहे.

आणि भारतातून सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना, पाहणार असाल, तर किकऑफ सोमवारी पहाटे पाचच्या सुमारास असतो. क्वीन हेडफोनवर ऐका. पाय आपटायचे असतील, तर घर तळमजल्यावर हवं.