मुदतपूर्व पेन्शनसाठी दोन नोकऱ्यांची सेवा जोडली

पार्सल पोहोचवणाऱ्या गाडीवर मी आधी एका कंपनीत सात वर्षे आणि नंतर दुसऱ्या कंपनीत पाच वर्षे चालक होतो. कर्मचारी पेन्शन योजना 1995 नुसार किमान दहा वर्षांची सेवा लागते. त्यामुळे भविष्य निर्वाह निधीची दोन्ही खाती वेगवेगळी राहिली असती, तर वयाची पन्नाशी ओलांडूनही मी अपात्र ठरलो असतो.

आमच्या युनियनच्या सचिवांनी भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या पोर्टलवर सेवेचा तपशील उघडायला लावला, तेव्हा पहिल्या कंपनीपुढे नोकरी सोडल्याच्या तारखेची जागा कोरी दिसली. शेवटच्या वर्गणीला दोन महिने उलटले असतील, तर ही तारीख सभासदाला आधारशी जोडलेल्या मोबाईलवरील ओटीपीने स्वतःच नोंदवता येते, आणि मी तेच केले. त्यानंतर फॉर्म 13 ऑनलाइन भरून जुने खाते नव्यात वर्ग केले. त्या काळात फॉर्म 10-सी भरून पेन्शनचे पैसे काढून घ्या, असा सल्ला काही सहकारी देत होते. तो मानला असता, तर ती सात वर्षे पात्रतेतून वजा झाली असती.

पेन्शन सुरू करण्याचा अर्ज, म्हणजे फॉर्म 10-डी, मात्र मी लगेच भरला नाही. 58 वर्षांआधी पेन्शन घेतल्यास प्रत्येक वर्षामागे 4 टक्के कपात होते आणि ती कायमची असते. 2,500 रुपयांची पेन्शन एक वर्ष आधी घेतली, तर 2,400 मिळते; वर्षभरात हाती पडणारे 28,800 रुपये दरमहा शंभराच्या तुटीत फिटायला चोवीस वर्षे लागतात. हा हिशेब पाहून मी सत्तावन्नाव्या वर्षी अर्ज केला.