फ्लॅट, रो-हाऊस की एनए प्लॉट : निवड करण्यापूर्वी काय तपासावे

पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या परिसरात घर घेऊ पाहणाऱ्या कुटुंबापुढे साधारणपणे चार पर्याय असतात : बांधकाम सुरू असलेल्या प्रकल्पातील फ्लॅट, जुन्या सोसायटीतील रीसेल फ्लॅट, रो-हाऊस आणि शहराबाहेरचा एनए, म्हणजे बिगरशेती, प्लॉट. त्यांची तुलना बहुतेकदा चौरस फुटाच्या दरावरून केली जाते आणि तिथेच गफलत होते, कारण पैसे मोजल्यावर आपल्या नावावर नेमके काय होते, हे चारही प्रकारांत वेगवेगळे असते. म्हणून जमीन कोणाच्या नावावर राहणार आणि तिच्यावर पुढे काय करण्याचा अधिकार आपल्याला मिळणार, याचा उलगडा आधी करून घ्यावा. दर, मजला आणि हवा-उजेड यांचा विचार त्यानंतर करावा.

नव्या प्रकल्पातील फ्लॅटच्या बाबतीत माहिती मिळवणे सर्वांत सोपे आहे. महारेराच्या, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्य प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाकला की मंजूर नकाशे, जमिनीवरील बोजा (कर्ज किंवा तारण), न्यायालयीन दावे आणि ताबा देण्याची जाहीर केलेली तारीख पाहता येते. नोंदणीकृत करारापूर्वी विकासकाला किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, हे लक्षात ठेवून बुकिंगच्या वेळी होणाऱ्या आग्रहाला बळी पडू नये. खर्च मांडताना मात्र जीएसटी विसरला जातो. ७० लाखांचा फ्लॅट बांधकाम चालू असताना घेतला, तर ५ टक्क्यांप्रमाणे साडेतीन लाख रुपये वाढतात. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतरच्या विक्रीवर आणि रीसेलवर हा कर नाही. मुद्रांक शुल्क दोन्हीकडे लागते. पुणे शहरात ते एकूण ७ टक्के असून, केवळ महिलेच्या नावे खरेदी केल्यास त्यात १ टक्का सवलत मिळते.

रीसेल फ्लॅटमध्ये जीएसटी वाचतो आणि घर प्रत्यक्ष पाहून घेता येते, पण क्षेत्रफळाकडे बारकाईने पाहावे लागते. जुन्या करारात ९५० चौरस फूट लिहिलेले असले, तरी तो आकडा बहुधा जिना आणि पॅसेज धरून काढलेला सुपर बिल्टअप असतो. टेप लावून खोल्या मोजल्या, तर वापरायचे क्षेत्र ७०० फुटांच्याही खाली निघू शकते. नव्या प्रकल्पाचा दर कार्पेटवर, म्हणजे घराच्या आतल्या वापराच्या क्षेत्रावर, सांगितला जातो, त्यामुळे दोन्ही किमतींना मोजलेल्या कार्पेटने भागावे आणि मगच स्वस्त-महाग ठरवावे.

याहून मोठा प्रश्न अभिहस्तांतरणाचा, म्हणजे जमिनीची मालकी सोसायटीच्या नावावर होण्याचा, आहे. अनेक सोसायट्यांच्या इमारती पंचवीस-तीस वर्षांच्या झाल्या, तरी जमीन अजून मूळ मालकाच्या किंवा बिल्डरच्या नावावर आहे. अशा ठिकाणी पुनर्विकासाचा विषय निघाला की गाडे अडते, कारण शिल्लक चटईक्षेत्रावर, म्हणजे त्या जमिनीवर अजून करता येणाऱ्या बांधकामावर, हक्क कोणाचा, हाच वाद उभा राहतो. बिल्डर सहकार्य करत नसल्यास मोफा या सदनिकांविषयीच्या राज्य कायद्याखाली मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे बिल्डरच्या सहीशिवाय सक्षम अधिकाऱ्याच्या आदेशाने ते करून घेण्याची, सोय आहे, पण ते काम सोसायटीला करावे लागते. एकटा खरेदीदार ते करू शकत नाही. त्यामुळे विक्रेत्याचा भाग दाखला (शेअर सर्टिफिकेट) पाहून समाधान न मानता मालमत्ता पत्रकावर (प्रॉपर्टी कार्ड) किंवा सातबाऱ्यावर सोसायटीचे नाव चढले आहे का, हे सचिवांना थेट विचारावे. जमीन सोसायटीच्या नावावर असलेल्या जुन्या इमारतीतील साधा फ्लॅट, अभिहस्तांतरण रखडलेल्या इमारतीतील सजवलेल्या फ्लॅटपेक्षा मला केव्हाही अधिक पसंत पडेल. इमारत तीस वर्षांहून जुनी असेल, तर स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवालही मागावा.

रो-हाऊस म्हणजे स्वतंत्र बंगल्याची छोटी आवृत्ती, असा समज असतो, परंतु तो दर वेळी खरा नसतो. काही योजनांत प्रत्येक घराच्या भूखंडाची स्वतंत्र नोंद असते, तर काहींत संपूर्ण जमीन सोसायटीची असून आपल्याला केवळ घर मिळते. दुसऱ्या प्रकारात पुढे वरचा मजला चढवायचा झाल्यास सोसायटीची संमती आणि नवी बांधकाम परवानगी लागते. विक्रेत्याने आधीच गच्चीवर खोली बांधली असेल किंवा बाजूला मोकळे सोडायचे अंतर झाकून घेतले असेल, तर मंजूर नकाशा घेऊन प्रत्यक्ष जागेवर मोजणी करावी, कारण अनधिकृत भाग घरासोबत आपल्या गळ्यात येतो.

प्लॉटच्या व्यवहारात सर्वाधिक सावधगिरी हवी. जमीन ‘आर झोन’मध्ये, म्हणजे निवासी विभागात, आहे, एवढ्यावरून ती बिगरशेती ठरत नाही, मंजूर रेखांकन (लेआउट) आणि बिगरशेती वापराचा पुरावा प्रत्यक्ष पाहावा. अनेक खरेदीदारांची नावे एकाच सातबाऱ्यावर सामाईक लावून गुंठेवारीने, म्हणजे मंजूर रेखांकनाशिवाय गुंठ्यागुंठ्याने, तुकडे विकले जातात, तेव्हा आपला तुकडा नेमका कोणता, हे कागदावर कुठेच दिसत नाही. शिवाय शेतजमीन असेल, तर ती परवानगीशिवाय बिगरशेतकऱ्याला साधारणपणे घेता येत नाही. सातबारा हातात आला की नावांच्या रकान्यावर न थांबता ‘इतर हक्क’ वाचावे : बँकेचा बोजा, कुळाचे नाव, तुकडेबंदीचा (ठरावीक आकाराहून लहान तुकडे करण्यावरील बंदीचा) शेरा, न्यायालयीन दावा हे सारे तिथेच सापडते. भोगवटादार वर्ग २ (हस्तांतरणावर सरकारी निर्बंध असलेली जमीन) असा उल्लेख असल्यास हस्तांतरणासाठी सरकारी परवानगीचा प्रश्न येतो.

मुंबईकडे पाहणाऱ्यांनी पागडीची, म्हणजे ठोक रक्कम देऊन भाड्याने घेतलेली, खोली म्हणजे मालकी नव्हे, तर भाडेकरूचा हक्क आहे, हे ध्यानात घ्यावे. सिडकोच्या भाडेपट्ट्यावरील घराला ना-हरकत आणि हस्तांतरण शुल्क लागू शकते, तर म्हाडाच्या सोडतीतील घर घेताना विक्रीबंदीची मुदत संपली आहे का, हे पाहावे.

प्रकार कोणताही निवडला, तरी वकिलाकडून मालकीच्या नोंदींचा ३० वर्षांचा शोध अहवाल विसार (आगाऊ रक्कम) देण्यापूर्वीच घ्यावा. विसार आधीच देऊन टाकला असेल, तर अहवालात दोष निघाल्यावर तो परत मिळवण्यातच महिने जातात. घाई असल्यास ‘मालकी हक्क निर्वेध न आढळल्यास विसार पूर्ण परत’ अशी अट पावतीवर लिहून, विक्रेत्याची सही घेऊनच रक्कम द्यावी.